उरल्या लाकडाचे बैल

वाशिम जिल्ह्यात लाकडी खेळण्यांची पेठ नाही. सावंतवाडीला चितारआळी आहे, कर्नाटकात चन्नपट्टण आहे, पैनगंगेपलीकडे तेलंगणात निर्मळ आहे. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांत मात्र खेळण्यांसाठी नाव झालेले गाव सापडत नाही. म्हणून कलाकुसरीवरच्या पुस्तकांत या भागासाठी पान नसते. ही मोठी चूक आहे असे मला वाटते. ज्या ज्या गावात सुताराचे घर होते, त्या त्या गावात खेळणी घडत होती. ती विकायला बाजारात गेली नाहीत, एवढाच फरक. नांगर, वखर, तिफण, डवरा आणि बंडी घडवणाऱ्या हातांनीच, त्याच वाकसाने, त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यांतून पोरांचे बैल काढले. वऱ्हाडातल्या लाकडी खेळण्याचा इतिहास शेतीच्या अवजारांपासून वेगळा काढता येत नाही, आणि ते खेळणे आज का कमी झाले याचे उत्तरही शेतातच आहे.

या मातीत लाकडी खेळणी किती जुनी, याचा एक दुवा अनपेक्षित ठिकाणी मिळतो. वाशिमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी; चौथ्या शतकात सर्वसेनाने ती शाखा सुरू केली आणि पुढे याच शाखेतल्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची काही सर्वोत्तम लेणी झाली. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’त वत्सगुल्माच्या लोकांचा उल्लेख आहे, हे वाशिमचा इतिहास सांगताना नेहमी सांगितले जाते. त्याच ग्रंथात खेळण्यांचीही एक यादी आहे, तिच्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. तरुणाने मुलीचे मन कसे जिंकावे हे सांगताना वात्स्यायन भेटवस्तू मोजतो: सुताच्या, लाकडाच्या, शिंगाच्या, हस्तिदंताच्या, मेणाच्या, पिठाच्या आणि मातीच्या बाहुल्या, शिवाय माती, बांबूच्या कांब्या आणि लाकूड यांपासून केलेली मेंढरे, बकऱ्या, छोटी घरे, छोटी देवळे. वात्स्यायनाने वत्सगुल्माच्याच बाजारात ही खेळणी पाहिली असे म्हणता येणार नाही. पण वत्सगुल्म ज्याला ठाऊक होते अशा ग्रंथकाराच्या जगात लाकडी बाहुली आणि लाकडी मेंढा ही नेहमीची वस्तू होती, एवढे पक्के.

यांतले लाकडाचे काहीच उरलेले नाही. मातीचे भाजलेले खेळणे दोन हजार वर्षे जमिनीत राहते. लाकडाला आपल्या पावसात वाळवी आणि बुरशी काही दशकांतच संपवते. त्यामुळे उत्खननांत मातीचे बैल निघतात, मातीची चाके निघतात, आणि लाकडाची बाजू कोरी राहते. धातूचा मात्र एक अपवाद महाराष्ट्रात आहे. १९७४ मध्ये श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला एका शेतकऱ्याला ओतीव धातूची, चाकांवर बसवायची चार शिल्पे सापडली: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण चाकांवरचा प्राणी ही कल्पना दख्खनमध्ये फार जुनी आहे, हे त्यांवरून कळते. तान्ह्या पोळ्याला पोरगा जो नंदी दोरीने ओढतो, त्याची जात तीच.

श्रावणी अमावास्येचा पोळा महाराष्ट्रभर आहे. आदल्या दिवशी खांदेमळणी: जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि तूप चोळतात. दुसऱ्या दिवशी बैल नदीवर धुतात, शिंगांना हिंगूळ आणि बेगड लावतात, कपाळावर बाशिंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ. तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची लोकगीते, होतात, तोरण तुटते आणि बैल घरोघर पुरणपोळी खायला जातात. विदर्भात याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, पोरांचा तान्हा पोळा भरतो. लहान मुले नटूनथटून आपापले लाकडी बैल घेऊन तोरणाखाली येतात आणि मग दारोदार फिरून बोजारा, म्हणजे पोळ्याची खुशाली, गोळा करतात. नागपूरच्या भोसले घराण्यातली परंपरा सांगते की दुसऱ्या रघुजींनी १८०६ मध्ये मुलांसाठी हा सण सुरू केला. त्या वाड्यातला मोठा लाकडी नंदी अजूनही मिरवणुकीत निघतो. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे) गावचा तान्हा पोळा तर पाहायला लोक दुरून येतात. वाशिमचा नागपूरशी संबंधही जुना आहे. इथले बालाजी मंदिर अठराव्या शतकात भोसल्यांच्या पदरच्या भवानी काळू यांनी बांधले.

एक गोष्ट नकाशावर ठेवून पाहण्यासारखी आहे. विदर्भाबाहेर, मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात, ज्यांच्या घरी बैल नाही ते मातीचे बैल आणून पूजतात. नागपूर-वर्ध्याकडे जावे तसा मातीचा बैल मागे पडतो आणि चाकांचा लाकडी नंदी पुढे येतो. वाशिम या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात आहे. देव्हाऱ्याजवळच्या पाटावर मातीची जोडी आणि अंगणात पोराच्या हातात लाकडी जोडी, असे दोन्ही इथे नांदते. मातीचा बैल पूजेपुरता असतो, मोडला तरी चालतो. लाकडाचा बैल वर्षभर ओढला जातो, पावसात भिजतो, धाकट्या भावाकडे जातो. म्हणूनच तो करायला कुंभार पुरत नाही, सुतार लागतो.

गावचा सुतार पोळ्याच्या आधी मोकळा असतो असे नाही. त्याचे वर्ष शेतीला बांधलेले. मृगाच्या आधी तिफणीचे काम: चाडे, नळे, फण सगळे जुळले नाही तर पेरणी फसते. पेरणीनंतर डवऱ्यांची वेळ. सुगीच्या आधी बंड्या दुरुस्तीला येतात, कारण कारंज्याच्या बाजारात कापूस न्यायचा असतो. कारंजा हे कापसाचे जुने मोठे ठिकाण. मूर्तिजापूर-यवतमाळ ही शकुंतला रेल्वेही इथून जायची, तिचा जन्मच कापसासाठी झाला. स्टेशनापर्यंत कापूस यायचा तो बैलबंडीतूनच. बंडीचे चाक ही सुतारकामातली कठीण परीक्षा आहे. मध्ये तुंबा, त्यात आरे, बाहेर तुकडे जोडून केलेला लाकडी घेर, आणि त्यावर तापवून चढवलेली लोखंडी धाव. धाव थंड होताना आवळते आणि सगळे सांधे घट्ट बसतात. ज्याला हे चाक साधते, त्याच्या हाताला बैलाखालचे चार बोटांचे चाक सोपेच.

निदान वाटते तसे. प्रत्यक्षात खेळण्याच्या चाकाला त्याची वेगळी अडचण आहे. फांदी आडवी कापली की आयतीच गोल चकती मिळते, आणि नवशिक्याला तेच चाक वाटते. पण झाडाचे लाकूड वाळताना घेराच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीच्या दिशेने आकसते. या ओढाताणीत चकतीला मध्यापासून कडेपर्यंत चीर पडते. म्हणून जाणता सुतार चाक फळीतून काढतो, कर्कटकाने वर्तुळ आखून. अशा चाकाला चीर पडत नाही. पुढे ते किंचित लांबट होते आणि थोडे डगमगत चालते एवढेच. पोरांना ते चालते.

खुद्द बैल घडवणे याहून अवघड. धड आडवे, पाय उभे, मान तिरकी, शिंगे वर वळलेली. लाकूड मात्र त्याच्या रेषा ज्या दिशेने धावतात त्याच दिशेने मजबूत असते. रेषांना आडवा छेद देऊन बारीक भाग काढला की तो पहिल्या आपटीला टिचतो. ठोकळ्यातल्या रेषा धडाच्या लांबीने घेतल्या तर पाय तुटतात. पायांच्या उंचीने घेतल्या तर मान जाते. गावातल्या छोट्या बैलाचे पाय आखूड आणि जाड का, पुढचे दोन पाय मध्ये लाकूड ठेवून एकच का केलेले, मान खांद्यात घुसल्यासारखी का, याचे कारण इथे आहे. शहरातला माणूस या ठेंगण्या आकाराला ओबडधोबड म्हणतो. मला तो अतिशय विचारपूर्वक घेतलेला आकार वाटतो. लाकूड जे देऊ शकते तेवढेच मागितलेला बैल आहे तो, आणि म्हणूनच तो तीन भावंडांच्या हातांतून टिकतो.

मोठा नंदी करायचा तर युक्ती बदलते. धडाचा ओंडका वेगळा, पाय वेगळे. पायाच्या वरच्या टोकाला कुसू काढून तो धडातल्या भोकात ठोकतात. बाजूने बांबूची खुंटी मारली की खिळ्याची गरज उरत नाही. शिंगे नेहमीच वेगळी, कठीण लाकडाची, डोक्यात बसवलेली. तुटले तर शिंगच बदलायचे. कानांचीही तीच गत. आधी करवतीने बाजूचा आकार काढायचा, मग वाकसाने अंग गोल करायचे, पटाशीने वशिंड आणि गळ्याखालची पोळी उठवायची, शेवटी कानस आणि काचकागद. सगळ्यात जास्त वेळ वशिंडावर जातो. वऱ्हाडातला शेतकरी बैल विकत घेताना जिथे नजर टाकतो, पोरगाही खेळण्यात आधी तिथेच पाहतो.

लाकूड कोणते, यावर अर्धे काम ठरते. बंडीला आणि अवजारांना बाभूळ: जड, चिवट, झिजायला कठीण. दारे-चौकटींना सागवान, त्यातल्या तेलामुळे वाळवी दूर राहते. या दोन्हींचे तुकडे सुताराकडे पडलेले असतात, त्यामुळे जुन्या बैलांत हीच लाकडे जास्त. बाभळीचा बैल अविनाशी, पण वाकस बोथट करणारा आणि पोराला ओढायला जड. खास खेळण्यासाठी घ्यायचे तर शिवण सर्वांत चांगली. ती हलकी आहे, तासायला मऊ आहे आणि वाळल्यावर फारशी वाकत-पिळत नाही. पांगारा त्याहून हलका. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी आपली रंगीत फळे आणि खेळणी पिढ्यान्पिढ्या पांगाऱ्याचीच केली. सावर आणि सलई वाशिमच्या रानात भरपूर, पण तोडल्यावर लगेच वाळवले नाही तर बुरशीने काळी पडतात आणि कीड लागते. जुने कारागीर असे ओंडके काही दिवस पाण्यात बुडवून ठेवत. लाकडातले पिठूळ अन्न पाण्यात उतरते आणि किडीला खायला काही उरत नाही. ही रीत प्रयोगशाळेतल्या स्पष्टीकरणाच्या किती तरी आधीची आहे.

बैलाशिवायचे लाकडी खेळ तसे सगळ्या महाराष्ट्राचे: बाभळीचा विटीदांडू, तीन चाकांचा पांगुळगाडा, भातुकलीतले पोळपाट-लाटणे. लाकडी ठकीचे मात्र वेगळे सांगितले पाहिजे. सपाट पाठीची, एकाच तुकड्यातून काढलेली, रंगाने नऊवारी नेसवलेली ही बाहुली जुन्या मराठी घरांत मुलींच्या हातात असे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या खेळण्यांच्या दालनासमोर थांबले की एक कळते: त्या काळच्या मुलींना मिळालेले बाहुलीचे रूप घरातल्या मोठ्या बाईचेच होते. मुलाला बैल, मुलीला ठकी आणि चूल. खेळण्यांनी मुलांना त्यांच्या पुढच्या कामाला लावले, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्यांच्या घरी बैल कधीच नव्हता, त्या मजुरांच्या पोरांनी तर ज्वारीच्या धांड्याची बंडी आणि धांड्याचेच बैल केले. कणसाखालचा जाड धांडा, वरची साल खिळा म्हणून, आतला भेंड ठोकळा म्हणून. पैसा लागत नाही, सुतार लागत नाही. माझ्या मते वऱ्हाडातल्या लहानग्यांच्या कारागिरीचा हा सर्वांत देखणा नमुना आहे, आणि तो दोन दिवसांत गुरांच्या तोंडी जातो म्हणून कोणत्याच संग्रहालयात नाही.

भोवऱ्याची गोष्ट वेगळी, कारण त्याला सुतारापेक्षा कातारी लागतो. कातारी म्हणजे चरकावर लाकूड फिरवून गोल वस्तू काढणारा कारागीर. फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पातळ थर चढतो. चन्नपट्टणचे कारागीर त्यावर केवड्याचे पान दाबून झिलई काढतात. ना ब्रश, ना तेल, ना वाळण्याची वाट. लाखेचा किडा ज्या झाडांवर पोसला जातो त्यांत पळस, बोर आणि कुसुम ही मुख्य. पळसाने तर वाशिमचे माळ फाल्गुनात पेटल्यासारखे दिसतात. लाकूड होते, लाखेचे झाड होते, तरी इथे चन्नपट्टण झाले नाही. कारण उघड आहे. चन्नपट्टणच्या हुन्नराला म्हैसूरच्या राज्यकर्त्यांचा आधार मिळाला. सावंतवाडीला सावंत-भोसल्यांचे संस्थान होते. गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळाचे पत्ते, आणि लाखकाम विसाव्या शतकात मरायला टेकले तेव्हा राजमाता सत्त्वशीलादेवींनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून ते जगवले. वाशिमच्या सुताराला राजा नव्हता. त्याला शेतकरी होता, आणि शेतकरी सुगीला धान्य देत असे ते तिफणीबद्दल, खेळण्याबद्दल नव्हे.

रंगांविषयी थोडे सावधपणे लिहायला हवे, कारण जुने ते सारे निर्धोक असा एक समज पसरला आहे. चिंचोक्याची खळ, पांढरी माती, गेरू, काजळी, हे खरोखर निरुपद्रवी. पण शिंगांना लावायचा हिंगूळ हे पाऱ्याचे खनिज संयुग आहे आणि पिवळा हरताळ सोमलाचे. लहान मूल खेळणे तोंडात घालते. त्याच्या बैलावर हे दोन्ही नकोत. पुढे आलेल्या तैलरंगांत शिसे होते. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंगीत बैल माळ्यावर सापडला तर तो जपून ठेवावा, पण नातवाच्या हातात देऊ नये.

आता ऱ्हासाचे. प्लास्टिकने लाकडी खेळणी मारली असे म्हणण्याची पद्धत आहे. शहरांपुरते ते खरे असेल. वाशिममध्ये मात्र आधी बंडीचे लाकडी चाक गेले. रबरी टायरची डनलॉप गाडी आली आणि धाव चढवायचे काम संपले. मग सोयाबीन आले. कापूस आणि ज्वारीच्या शिवारात बैलाला वर्षभर काम होते. सोयाबीनची पेरणी ट्रॅक्टरने होते आणि मळणी यंत्राने. ज्वारी घटली तसा कडबा घटला, कडबा घटला तसे बैल पोसणे महाग झाले. बैल दावणीतून गेला, तिफण लोखंडी झाली, सुताराच्या अंगणात बाभळीचे तुकडे पडेनासे झाले. ज्या तुकड्यांतून खेळणी निघायची, ते तुकडेच राहिले नाहीत. प्लास्टिक नंतर आले आणि रिकाम्या जागेत बसले.

सरकारने खेळण्यांसाठी अलीकडे बरेच केले. आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेले, पुढे ७० टक्क्यांवर. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना मानक चिन्ह सक्तीचे झाले. या सक्तीतून हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेले कारागीर आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तू वगळल्या, हेही योग्यच झाले. पण वऱ्हाडातला गावसुतार या दोन्ही सवलतींच्या बाहेर राहतो. त्याचे नाव हस्तकलेच्या नोंदवहीत नाही, कारण तो स्वतःला खेळणी करणारा म्हणत नाही. पोळ्याला दहा-वीस जोड्या केल्या म्हणून कोणी खेळणीकार होत नाही, असे त्यालाही वाटते. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत सुतार आहे आणि पारंपरिक बाहुल्या-खेळणी करणाराही आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि सवलतीच्या व्याजाचे कर्ज त्यात मिळते. गावातल्या शिकल्या-सवरलेल्या पोरांनी आपल्या सुतारकाकांना सोबत नेऊन ही नोंदणी करून दिली, तर ते खेळण्यांवरच्या कोणत्याही प्रदर्शनापेक्षा जास्त उपयोगाचे होईल.

आणि मागणी आहे. ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गावात खरे बैल कमी झाले तशी काही ठिकाणी तान्ह्या पोळ्याची गर्दी वाढली. ज्या घरात दावण नाही, तिथेही पोराला नंदी हवा असतो. ठकीला सण नव्हता, म्हणून ती संग्रहालयात गेली. भोवऱ्यालाही ठरलेला दिवस नाही. लाकडी बैलाला पंचांगात जागा आहे, आणि तेवढ्यावर तो तग धरून आहे. धोका एवढाच की हे नंदी आता मोठ्या शहरांतून तयार येतात, चकचकीत रंगांचे, पातळ पायांचे, आणि गावचा सुतार दाराच्या फळ्या रंधत बसतो.

तेव्हा वाशिमकरांनो, या वेळी बैल दुकानातून आणू नका. आषाढातच गावच्या सुताराकडे जा, शिवण किंवा पांगाऱ्याचा वाळलेला तुकडा बघून ठेवायला सांगा, पाय जाड आणि शिंगे वेगळी बसवायला सांगा, तैलरंगाला नाही म्हणा. मजुरी रोख द्या आणि पोराला काम चालू असताना तिथे बसू द्या.